चौथा पॉइंट

१

गॅस तपासणीचा फॉर्म तपासणीच्या आधीच भरून ठेवायचा असतो, हे त्या खात्यातलं उघडं गुपित होतं. घर विकायचं तर गॅसचा दाखला लागतो, दाखल्यासाठी तपासनीस लागतो, आणि तपासनिसाच्या माथी दिवसाला नऊ घरं मारलेली असतात. एक घर नीट तपासायचं तर सव्वा तास जातो. असे नऊ सव्वा तास कामाच्या दिवसात बसतात का, हे गणित वरच्या साहेबांनी कधी मांडलंच नव्हतं. किंवा मांडलं होतं आणि म्हणूनच ते गप्प होते. मग तपासनीस करणार काय? गाडीत बसून चहा पिता पिता आकडे लिहायचे. उंटावरून शेळ्या हाकणारा परवडला, त्याला निदान शेळ्या दिसतात.

एकच माणूस याला अपवाद होता. त्याच्या पिशवीत साबणाच्या पाण्याची बाटली आणि दाढीचा जुना ब्रश असे. पाइपाच्या प्रत्येक जोडाला तो फेस लावायचा आणि गुडघे टेकून बुडबुडा येतो का बघत बसायचा. त्यामुळे खात्यात त्याचं नाव पडलं होतं फेसकाका. सुरुवातीला त्याला राग यायचा. पुढे पुढे ते नाव तो पदकासारखं मिरवू लागला. अठ्ठावीस वर्षं झाली होती. तीन महिन्यांनी निवृत्ती होती.

त्याची आणखी एक सवय होती, हाळी द्यायची. पूर्वी या कामाला दोघे जात. एक जण मीटरपाशी काचेची नळी धरून उभा राहायचा, दुसरा खोल्याखोल्यांतून फिरायचा. नळीवाला ओरडायचा, "पहिला बंद!" फिरणारा पहिल्या पॉइंटचा कॉक बंद करून आतून ओरडायचा, "बंद!" मग दुसरा, मग तिसरा. तपासणी झाली की त्याच क्रमाने, "पहिला चालू!" आणि आतून, "चालू!" पुढे खात्याने दुसरा माणूस कमी केला. एवढ्याशा कामाला दोन माणसं कशाला, असं कुणाला तरी कागदावर वाटलं. तेव्हापासून फेसकाका आधी सगळे कॉक स्वतः बंद करायचा, मीटरपाशी परत यायचा आणि तरीही ओळीने हाळ्या द्यायचा. उत्तर द्यायला कुणी नसायचं. पोराटोरांना हसू यायचं. पण हाळी दिली की हातून काही राहत नाही, असा त्याचा अनुभव होता. एकदाच राहिलं होतं. ते त्याच्या लक्षातही उरलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी अकराला तो तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराच्या दारात उभा राहिला. बाहेर कडाक्याची थंडी होती. दार दलालाने उघडलं.

"या, या फेसकाका! तुमचीच वाट बघत होतो. घेणारी मंडळी बारापर्यंत येताहेत, तेवढ्यात तुमची सही झाली की आज सौदा पक्का."

"तपासणी झाली की सही. सही झाली की तपासणी, असं नसतं."

"बघा मालक," दलाल आतल्या माणसाला म्हणाला, "म्हटलं होतं ना, हा गृहस्थ आपल्या लग्नातसुद्धा अंतरपाटाचे टाके तपासून मगच उभा राहिला असेल."

घरमालक हसला नाही. साठीचा, छापखान्यातून निवृत्त झालेला, खांदे पाडून चालणारा माणूस. फेसकाकाला पाहून तो क्षणभर थबकला आणि मग भिंतीकडे बघत म्हणाला, "तुम्हीच का परत?"

त्या 'परत'चा अर्थ फेसकाकाला पिशवी उघडल्यावर कळला. विक्रीच्या तपासणीला मागच्या तपासणीचा फॉर्म सोबत न्यावा लागतो. तो त्याने सकाळी न बघताच पिशवीत टाकला होता. अकरा वर्षांपूर्वीचा होता. घर आईच्या नावावरून मुलाच्या नावावर करतानाचा. अक्षर त्याचं, सही त्याची.

पॉइंट: चार.

२

मीटर दाराला लागूनच होतं. तिथून एक अरुंद बोळ सरळ आत जात होता. डावीकडे स्वयंपाकघर, त्यात शेगडी, हा पहिला पॉइंट. पुढे न्हाणीघर, तिथे गीझर, हा दुसरा. उजवीकडे बैठकीच्या खोलीत भिंतीवरचा हीटर, तिसरा. फेसकाकाने तिन्ही ठिकाणी फेस लावला, धुराच्या नळ्यांशी धूपकांडी धरून धूर बाहेर ओढला जातो का ते पाहिलं. सगळं ठीक होतं. मग तो फॉर्म हातात घेऊन बोळात आला.

"चौथा कुठाय?"

"तीनच आहेत," घरमालक म्हणाला.

"इथे चार लिहिलेत. मागची खोली, हीटर."

"मागची खोली नाही."

आणि खरंच नव्हती. बोळ सरळ जात होता आणि एका भिंतीशी संपत होता. भिंतीला नवा रंग होता, दुधाळ पांढरा. बाकीच्या बोळाला जुनाच. पाइप मात्र खालच्या कडेने त्या भिंतीपर्यंत गेला होता आणि तिच्यात शिरला होता. पाइपाभोवती बोट जाईल एवढं भोक बुजवायचं राहून गेलं होतं. पाइप उगाच भिंतीत शिरत नाही, एवढं या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

"कोठी होती हो ती!" दलाल मध्ये पडला. "धड खिडकी नाही. हवेच्या पोकळीकडे उघडणारा एक झरोका. असली खोली दाखवली की घेणारे नाक मुरडतात आणि तुमचं खातं शंभर प्रश्न काढतं. मीच सुचवलं, गवंडी बोलवा, महिन्यापूर्वी बुजवून टाकली. झाकली मूठ."

"ओल होती," घरमालक म्हणाला.

फेसकाकाने भिंतीवर तळहात ठेवला. भिंत ओली नव्हती. ती गरम होती. उन्हाने तापते तशी नव्हे, उन्हाचा तिथे संबंधच नव्हता. कुणीतरी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणाला हात लावावा, तशी. नव्या रंगाला त्या जागी बारीक भेगा पडल्या होत्या आणि मध्ये भाकरीएवढा पिवळट डाग आला होता.

"त्या खोलीच्या पलीकडे काय आहे? शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर?"

"हो, तसंच काहीतरी," दलाल म्हणाला.

फेसकाकाने न्हाणीघराच्या खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं. पलीकडे शेजारी नव्हते. तीन मजले खोल हवेची पोकळी होती, आणि तिच्यातून बर्फासारखा वारा वर येत होता.

तो परत बोळात आला. तिथे उभं राहिल्यावर त्याला आठवलं. भिंतीच्या जागी एक दार होतं. अर्धवट लोटलेलं. आतून खोकल्याचा आवाज येत होता. हाच माणूस, तेव्हा पन्नाशीचा, दारासमोर हात आडवा धरून म्हणाला होता, "आई झोपलीय. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. उठवू नका." त्या दिवशी फेसकाकाची अजून पाच घरं राहिली होती. त्याने मीटरपाशी उभं राहून सवयीने हाळी दिली होती, "चौथा बंद!" आणि आतून म्हातारीचा हसरा, जरा धाप लागलेला आवाज आला होता, "बंद!"

किती बरं वाटलं होतं तेव्हा. दहा वर्षांनी कुणीतरी उत्तर दिलं होतं. म्हातारी उठली होती, कॉक बंद केला होता, नळीतलं पाणी स्थिर राहिलं होतं. गळती नाही. धुराची नळी मात्र आत गेल्याशिवाय बघता येत नाही. ती त्याने बघितली नव्हती. फॉर्मवर लिहिलं होतं: धुराची नळी, ठीक.

"तुमच्या आई?" त्याने विचारलं.

"गेल्या," घरमालक म्हणाला. "त्याच हिवाळ्यात. झोपेत."

३

काचेची नळी म्हणजे काही जादूचं यंत्र नव्हे. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली नळी, अर्धी पाण्याने भरलेली, बाजूला पट्टी. एक टोक गॅसच्या पाइपाला जोडायचं, दुसरं उघडं. मीटरचा मुख्य कॉक बंद केला की पाइपात कोंडलेला गॅस पाणी वर ढकलून धरतो. पाणी जागचं हललं नाही तर घर धड. पाणी उतरलं तर कुठेतरी गळतंय. अडाण्यालाही कळेल इतकी साधी गोष्ट; म्हणूनच खात्यात ती कुणी करत नसे.

फेसकाकाने तिन्ही कॉक बंद केले, मुख्य कॉक बंद केला, आणि स्टुलावर बसून पाण्याकडे डोळे लावले.

पाणी उतरू लागलं. केसभर, मग दोन केस. वाटलंच होतं, तो मनात म्हणाला. भिंतीमागे गळतंय. आता हे घर नापास, भिंत फोडायला लागणार, आणि...

पाणी थांबलं. आणि परत वर चढलं.

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पाणी वर चढलं होतं तिथे क्षणभर टेकलं आणि पुन्हा उतरलं. गळणारा गॅस परत येत नाही. गळालेलं काहीच परत येत नाही, त्याचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा होता.

मग तो कारणं शोधायला लागला. पाइपावर ऊन पडलं तर गॅस फुगतो. बोळात ऊन नव्हतं. आपला हात थरथरतोय. त्याने नळी खिळ्याला टांगली आणि हात मांडीखाली घेतले. मुख्य कॉक नीट बसला नसेल. त्याने तो पान्याने आवळला. रबरी नळी जुनी असेल. पिशवीतली नवी लावली. जिन्यात कुणी चालत असेल. तो दार उघडून बघून आला, जिना रिकामा होता.

पाणी खाली येत होतं, थांबत होतं, वर जात होतं.

शेवटी त्याने घड्याळ समोर धरलं आणि मोजलं. मिनिटाला बावीस हेलकावे. पुन्हा मोजलं. बावीस. पण सारखे बावीस नव्हते. चार-पाच लहान लहान, मग एक लांब, मग जरा थांबून एक अडखळता. असं हेलकावत जाणारं दुसरं काय असतं, हे त्याला माहीत होतं. वडिलांच्या शेवटच्या आठवड्यात तो खाटेशेजारी बसून हेच मोजत असे.

"झालं का हो?" आतून दलालाचा आवाज आला. "काकांनी नळीला बाळसं आणायचं ठरवलंय वाटतं."

"थांबा," फेसकाका म्हणाला.

मूर्खपणा आहे, तो स्वतःला म्हणाला. तू हाळ्या दिल्याच नाहीस. हाळ्या न देता मोजायला बसलास म्हणून डोकं ठिकाणावर नाही. क्रमाने कर.

त्याने मोठ्याने म्हटलं, "पहिला बंद!"

स्वयंपाकघरात दलाल कुणाशी तरी फोनवर हसत होता.

"दुसरा बंद! तिसरा बंद!"

इथे थांबायचं होतं. पॉइंट तीन होते. पण मांडीवर जुना फॉर्म होता, त्यावर त्याच्याच अक्षरात चार ओळी होत्या, आणि अठ्ठावीस वर्षांची जीभ डोळ्यांच्या मागे मागे धावते.

"चौथा बंद!"

"बंद!"

अगदी लगेच नाही. एवढाच वेळ गेला, जेवढा माणसाला अंथरुणातून उठून, भिंतीला हात धरून, कॉकपर्यंत जायला लागतो.

पाणी जागच्या जागी थांबलं. पट्टीवर जणू रेघ आखली.

४

"मालकीणबाई आहेत का घरात?" फेसकाकाने विचारलं.

घरमालक बैठकीच्या दारात उभा होता. "ती मुलीकडे गेलीय. चार दिवस झाले. का?"

"कुणी बोललं का आत्ता?"

"दलाल बोलतोय की फोनवर. तो झोपेतसुद्धा बोलत असेल."

पण घरमालकाचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तो बोळाच्या टोकाकडे बघायचं टाळत होता. चोराच्या मनात चांदणं, तसं काहीतरी. फेसकाकाने काही म्हणायच्या आत जिन्यात पावलं वाजली आणि घेणारी मंडळी आली. तरुण जोडपं. नवऱ्याच्या हातात मोजायची टेप, बायकोच्या खांद्यावर पाचेक महिन्यांची मुलगी.

"काका, तुम्ही गॅसवाले ना?" ती म्हणाली. "नीट बघा हं. आमच्या ह्या ताईसाहेबांना जरा काही वास आला तर बिल्डिंग डोक्यावर घेतात."

"पास आहे जवळजवळ," दलाल म्हणाला. "काका फक्त भाव खाताहेत."

"तू ये इकडे," नवरा बोळाच्या टोकाशी गेला होता. तो टेप पसरून भिंत मोजत होता. "चार फूट दोन इंच. पाळणा बसतो बघ. अगदी मापाने केल्यासारखा."

"सांगितलं नव्हतं मी?" ती फेसकाकाकडे वळली. "काका, मागच्या रविवारी घर बघायला आलो ना, तेव्हा ही नुसती किरकिर करत होती. इथे येऊन मी भिंतीला टेकून उभी राहिले, तर दोन मिनिटांत गाढ झोप. तेव्हाच मी ह्याला म्हटलं, हेच घर. मुलीने पसंत केलंय." तिने भिंतीला हात लावला आणि भुवया उंचावल्या. "आज गार आहे गं बाई. त्या दिवशी कशी छान उबदार होती."

फेसकाका नळीतल्या पाण्याकडे बघत होता. दहा मिनिटं झाली होती. पाणी रेघेवर होतं. इतकं स्थिर की ते पाणी आहे असं वाटत नव्हतं. नियमाप्रमाणे पाच मिनिटं पुरे होतात. नियमाप्रमाणे घर पास होतं.

आणि त्याला कळत होतं की ते पाणी असंच धरून ठेवायला कुणाला तरी त्रास होतोय.

५

"मालक, जरा स्वयंपाकघरात या."

त्याने दार लोटून घेतलं. शेगडीवर कालचं दूध उतू गेल्याचा डाग होता. घरमालक सिंकला टेकून उभा राहिला.

"हीटर आत आहे की काढलाय?"

"जड होता. ओतीव लोखंडाचा. गवंडी म्हणाला, राहू द्या, कोण बघतंय."

"कॉक बंद आहे?"

"असणार."

"असणार म्हणजे? बघितलात?"

"त्या खोलीत मी जात नाही. अकरा वर्षांत गेलो नाही."

"का?"

घरमालक बोलला तेव्हा त्याच्या आवाजात रागच होता, मुरलेला, घरच्या घरी जपलेला.

"झरोक्यातून धुराची नळी जात होती. तिच्यात पारव्यांनी घरटं केलं होतं. आई गेल्यावर सहाव्या दिवशी मी काढलं, तेव्हाच शेवटचा आत गेलो. बादलीभर काटक्या निघाल्या, विषारी धूर आतच कोंडत होता. कित्येक वर्षांच्या काटक्या, काका. एका रात्रीत पारवे तेवढं करत नाहीत. तुम्ही आलात त्या दिवशीही त्या तिथेच होत्या."

फेसकाकाने सिंककडे पाहिलं.

"डॉक्टरांनी हृदय लिहिलं. म्हातारं माणूस, काय लिहिणार दुसरं? दोन महिने ती मला सांगत होती. अरे, डोकं दुखतं. अरे, सकाळी उठवत नाही. अरे, त्या हीटरचं काहीतरी बघ. आणि मी काय म्हणायचो माहितीय? आई, दाखला आहे. सरकारी माणूस येऊन बघून गेलाय. धुराची नळी ठीक. हे बघ, लिहिलंय." त्याने बोट नाचवलं. "तुमच्या अक्षरात वाचून दाखवायचो तिला."

"तुम्हीच म्हणाला होता, उठवू नका."

"मी म्हणालो होतो. मी छापखान्यातला माणूस. सही तुम्ही केलीत."

बाहेर बाळ हसलं.

"आता तुम्ही लिहा, चौथा पॉइंट बंदिस्त, घर नापास," घरमालक म्हणाला. "भिंत फुटेल. हीटर निघेल. कुणीतरी विचारेल, हा कुणी पास केला होता? मग तो फॉर्म निघेल. माझी आई निघेल. तुम्हाला तीन महिने राहिलेत ना? दलाल सांगत होता. फेसकाका! अख्ख्या खात्यात एक सच्चा माणूस! जा, लिहा. मला काय, मी मेलेलाच आहे."

आपल्यापेक्षा वाईट माणसांत अठ्ठावीस वर्षं राहिलं की चांगुलपणा फार स्वस्तात मिळतो. फेसकाकाचा तसाच मिळाला होता. गाडीत बसून सह्या करणाऱ्या सगळ्यांकडे तो तुच्छतेने बघत आला, आणि त्यांच्यातल्या कुणाच्या सहीने माणूस मेल्याचं त्याने कधी ऐकलं नव्हतं. त्याच्या सहीने मेलं होतं.

पुरावा हवाच असेल तर एका शब्दाचं काम होतं. बोळात उभं राहून, सगळ्यांसमोर, नळीकडे बोट दाखवून म्हणायचं, चौथा चालू. पाणी हललं असतं. दलालाने पाहिलं असतं, त्या पोरीने पाहिलं असतं. तिने बाळाला उचलून घेऊन जिना गाठला असता.

किंवा म्हणायचं नाही. कॉक बंद आहे. आतून सांगितलंय तसं. अकरा वर्षांपूर्वीही म्हातारीने खोटं सांगितलं नव्हतं. बंद म्हणाली, बंदच होता. भरवशाची बाई. ती बंद धरून ठेवेल. बंद हीटर कुणाचं काय बिघडवतो?

त्याने हात धुतले. हाताला काही लागलेलं नव्हतं, तरी धुतले.

६

बोळात सगळे जमले होते. फेसकाका स्टुलावर बसला, नळी सोडवली, पिशवीत ठेवली. मुख्य कॉक उघडला. मग आत जाऊन एकेक कॉक उघडून आला आणि सवयीने हाळ्या दिल्या. आवाज बारीक निघाला.

"पहिला चालू. दुसरा चालू. तिसरा चालू."

"चला!" दलाल म्हणाला. "आरती झाली. आता प्रसाद."

फेसकाकाने गुडघ्यावर फॉर्म ठेवला. पॉइंट: तीन. गळती: नाही. धुराच्या नळ्या: ठीक. इथे पेन जरा थांबलं, पण तिन्ही नळ्या खरोखरच ठीक होत्या, आज त्याने बघितल्या होत्या. खोटं असं एकही अक्षर त्या कागदावर नव्हतं. त्याने सही केली. शाई वाळायच्या आत दलालाने कागद त्याच्या हातून काढून घेतला आणि फुंकर मारत घरमालकाला दिला. घरमालकाने तो वाचला नाही. घडी करून खिशात टाकला.

"काका, तुमचं हे फार मजेशीर आहे हं," ती तरुण आई म्हणाली. ती बोळाच्या टोकाशी भिंतीला पाठ लावून उभी होती, बाळाला थोपटत. "आम्ही जिन्यात होतो ना, तेव्हापासून ऐकतेय. पहिला बंद, दुसरा बंद... मी बालवाडीत शिकवते. आमच्याकडे असंच असतं, सगळी मुलं मोजून आत घ्यायची, मोजून बाहेर सोडायची."

"सवय आहे," फेसकाका पिशवीचा पट्टा बांधत म्हणाला.

"पण तुमचा एक राहिला."

त्याने वर पाहिलं.

"बंद चार केलेत. चालू तीनच. मुलं मोजताना असं झालं ना, तर आमच्या मोठ्या बाई जीव घेतात. एक मूल आत कोंडलं गेलं म्हणजे!"

"तीनच आहेत," घरमालक म्हणाला. फार मोठ्याने म्हणाला.

"नाही हो, मी ऐकलं ना. चौथ्याला तर आतून कुणीतरी ओ पण दिली. आजी आहेत वाटतं कुणी?" तिने बाळाच्या हनुवटीला बोट लावलं, बाळाचा इवलासा हात धरून वर केला, आणि वर्गात म्हणतात तसं गाण्याच्या चालीत म्हटलं, "चौ...था... चालू!"

फेसकाकाचा हात अर्ध्यावर उठला. तोंडही उघडलं होतं.

भिंतीमागे काहीतरी उठलं. अंथरुणाची सळसळ, मग अनवाणी, फरफटणारी पावलं, तीन, चार. मग एक टिचकी. न पेटलेली. आणखी एक. मग हीटर पेटताना होतो तो दबका, पोटातला आवाज. फेसकाकाने तो आयुष्यात हजारदा ऐकला होता. पाइपाभोवतीच्या बोटभर भोकातून निळा उजेड बोळाच्या फरशीवर पडला, तिच्या चपलेशी. आणि मग उजेडाच्या मध्ये काहीतरी आलं. भोकाशी वाकून कुणीतरी बाहेर बघत असावं, कोण बोलावतंय ते.

"चालू," आतून कुणीतरी म्हणालं. हसऱ्या, जरा धाप लागलेल्या आवाजात.

"बघा," ती खूश होऊन म्हणाली. "शेजारच्या आजी आहेत वाटतं. किती गोड."

घरमालक भिंतीला धरून खाली बसला होता. दलाल त्याला पाणी आणायला धावला. नवरा टेप गुंडाळत होता, त्याचं लक्ष नव्हतं. बोळात फेसकाका आणि ती, दोघेच समोरासमोर होते, आणि सांगायला अजून वेळ होता. दहा पावलांचं अंतर होतं. सही खिशात गेली होती, पण खिसा फाडता येतो, भिंत फोडता येते, तोंड उघडंच होतं.

"बाळाला तिथून बाजूला घ्या," तो म्हणाला.

"का हो?"

अठ्ठावीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. लोक दाखला घेतात आणि दार लावतात. उत्तर त्याच्या जिभेवर होतं. बादलीभर काटक्यांचं, दोन महिन्यांच्या डोकेदुखीचं, एका म्हातारीला वाचून दाखवलेल्या तीन शब्दांचं.

"ओल असेल," तो म्हणाला.

ती हसली. बाळाने तोंड भिंतीकडे वळवलं होतं, गाल रंगाला टेकवला होता, डोळे मिटत आले होते.

"ओल कुठली, काका? या, हात लावून बघा. गरम होतेय की."